हेमडाल, हुगिन आणि मुनिन: आरटीके संचाचे बिंदू रोज का सरकतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगरउतारावर सलग समतल चर आखायला आणि शेततळ्याची जागा ठरवायला एका गटाने सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारा आरटीके संच स्वतः जुळवला. उपग्रहांचे संकेत घेणारे यू-ब्लॉक्सचे झेडईडी-एफ९पी रिसीव्हर तीन: एका जागी उभा राहणारा एक बेस, हातात घेऊन फिरायचे दोन रोव्हर. नावे नॉर्स पुराणांतली. देवांच्या सीमेवर न हलता पहारा देणारा हेमडाल हा बेस. रोज जगभर उडून देवांचा राजा ओडिन याला बातमी आणणारे डोमकावळे, हुगिन आणि मुनिन, हे रोव्हर. बेसकडून रोव्हरकडे दुरुस्ती (माप सुधारणारी माहिती) नेणारा रेडिओ म्हणजे देवलोक आणि पृथ्वी जोडणारा पूल, बिफ्रॉस्ट. तक्रारी तीन. सोमवारी नोंदवलेले बिंदू गुरुवारी दीड मीटर सरकलेले दिसतात, आणि रोव्हर मात्र दोन्ही दिवशी ‘फिक्स’, म्हणजे माप पक्के झाल्याची खूण, दाखवतो. उंची गावाच्या ठाऊक असलेल्या उंचीपेक्षा साठ-पासष्ट मीटर कमी येते. आणि संध्याकाळी सातनंतर फिक्स टिकत नाही.

तुमची यंत्रे बिघडलेली नाहीत. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि पहिलीचे कारण सगळ्यात महत्त्वाचे आहे, म्हणून तिथेच जास्त वेळ थांबतो.

रोव्हर पृथ्वीवरची स्वतःची जागा थेट मोजत नाही. तो बेसपासूनचे स्वतःचे अंतर आणि दिशा मोजतो आणि ते माप बेसने सांगितलेल्या जागेत मिळवतो. बेस आपली जागा आरटीसीएम (दुरुस्ती पाठवायची ठरलेली भाषा) मधल्या १००५ क्रमांकाच्या संदेशातून सांगतो. ती जागा दीड मीटर चुकीची असेल, तर रोव्हरचा प्रत्येक बिंदू त्याच दिशेने तेवढाच चुकणार. ‘फिक्स’चा अर्थ एवढाच की बेस आणि रोव्हर यांच्यामधले माप पक्के झाले. उपग्रह पाठवतो त्या लहरींपैकी एल-१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आणि एल-२ची सुमारे २४.४ सेंटिमीटर. लहरीचा शेवटचा अपुरा तुकडा रिसीव्हर मिलिमीटरमध्ये मोजू शकतो, पण उपग्रहापासून अँटेनापर्यंत पूर्ण लहरी किती, हे त्याला सोडवावे लागते. ती पूर्णांक संख्या सुटली की फिक्स, सुटेपर्यंत फ्लोट. बेस खरा कुठे उभा आहे, याच्याशी फिक्सचा काहीही संबंध नाही.

तुमचा बेस रोज सकाळी चालू केल्यावर ‘सर्व्हे-इन’ करतो, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. म्हणजे तो काही मिनिटे स्वतःच्या जागेची सरासरी काढतो आणि तीच खरी मानून दिवसभर सांगत राहतो. ६० किंवा ३०० सेकंदांच्या सरासरीने जागा मीटर-दीड मीटरच्या आसपासच कळते. आयनोस्फिअरमुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) होणारा विलंब आणि उपग्रहांच्या कक्षा-घड्याळांतल्या चुका पाच मिनिटांत फारशा बदलत नाहीत. त्यामुळे सरासरी काढून त्या कमी होत नाहीत, फक्त आकडा स्थिर दिसू लागतो. पडद्यावरचा ‘अचूकता ०.८ मीटर’ हा आकडा मुख्यतः नोंदींच्या विखुरण्यावरून येतो, खऱ्या चुकीवरून नाही. सोमवारचा हेमडाल आणि गुरुवारचा हेमडाल एकाच खांबावर उभे होते, पण त्यांनी स्वतःचे पत्ते वेगळे सांगितले.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. दोन्ही दिवशी मोजलेले कोणतेही दोन बिंदू घ्या आणि त्यांच्यातला पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंचीचा फरक दोन्ही दिवसांसाठी काढा. हे फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळले, तर दोष बेसच्या जागेचाच. जुळले नाहीत, तर चुकीचा फिक्स किंवा रोव्हरची अँटेना बसवलेल्या काठीची चूक शोधा.

उपाय: बेसची जागा एकदाच, नीट ठरवा आणि ती ‘फिक्स्ड मोड’मध्ये कायमची लिहून ठेवा. त्याआधी बेस हलणार नाही अशा ठिकाणी हवा. महाराष्ट्रात इथे काळी माती आडवी येते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात रोवलेला खांब वर्षभरात चक्क वर-खाली होतो. शेतात बेस उभारायचाच असेल तर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा आणि काँक्रीटमध्ये दीड इंची जीआय पाइप पक्का बसवा. वरच्या टोकाला पाच-अष्टमांश इंच, ११ आट्यांचा सर्वेक्षणाचा बोल्ट वेल्ड करून घ्या म्हणजे अँटेना काढून पुन्हा लावली तरी तिथेच बसेल. घराची गच्ची निवडत असाल तर आरसीसी कॉलमच्या डोक्यावर बसवा. पत्र्याच्या छपरावर, टाकीच्या स्टँडवर किंवा विटांच्या मोकळ्या कठड्यावर नको. अँटेना कठड्याच्या वर आणि टाकीपासून दूर असावी, क्षितिजापासून १० ते १५ अंशांच्या वरचे आकाश चहूबाजूंनी मोकळे असावे. जवळचा पत्रा आणि टाकीतले पाणी उपग्रहाचे संकेत परावर्तित करतात. असे दुसऱ्या वाटेने आलेले संकेत बेसच्या मापात शिरले की दोन्ही रोव्हरना त्याचा त्रास होतो. चांगल्या जागेवर, डोक्यावरच्या उपग्रहांसाठी एल-१ची ताकद ४५ डीबी-हर्ट्झच्या आसपास आणि एल-२ची ४०च्या वर दिसली पाहिजे.

अँटेनाबद्दल थोडे. लहान चौकोनी पॅच अँटेना वापरत असाल तर तिच्याखाली १० ते १२ सेंटिमीटर व्यासाची धातूची सपाट चकती असलीच पाहिजे. चकतीशिवाय ती अँटेना चालते, पण जमिनीवरून उसळलेले संकेत पोटात घेते. बेससाठी मात्र कारखान्यात मापांकन झालेली, दोन्ही लहरींची सर्वेक्षण अँटेना घ्या. रिसीव्हरवर वाचवलेल्या पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे. केबल जितकी बारीक तितका तोटा जास्त. आरजी-१७४ची पातळ केबल १.५ गिगाहर्ट्झला मीटरमागे एक डेसिबलहून जास्त गमावते, त्यामुळे ती पाच मीटरपर्यंतच ठीक. गच्चीवरून खाली खोलीत यायला १५-२० मीटर लागत असतील तर एलएमआर-४०० जातीची जाड केबल घ्या. विकत घेताना केबलच्या एसएमए आणि आरपी-एसएमए या जोडांत घोळ होतो. आटे जुळतात, पण मधली सुई दोन्हीकडे नसते किंवा दोन्हीकडे असते. सुई नसेल तर संकेत शून्य, आणि दोष रिसीव्हरवर ढकलला जातो.

आता जागा ठरवणे. बेसवर यूबीएक्सचे (यू-ब्लॉक्सच्या स्वतःच्या भाषेतले) रॉएक्स आणि एसएफआरबीएक्स हे दोन कच्चे संदेश चालू करा आणि २४ तास नोंद घ्या. ३० उपग्रह, प्रत्येकाच्या दोन लहरी आणि सेकंदाला एक नोंद धरली तर दिवसाला सुमारे १७० एमबी होतात. पुढे ३० सेकंदांना एक नोंद इतकी विरळ केली तरी चालते. ही फाइल आरटीकेलिब या मोफत संचातल्या रूपांतरकाने राइनेक्स या सर्वमान्य स्वरूपात आणा आणि एकट्या रिसीव्हरच्या नोंदीवरून अचूक जागा काढून देणाऱ्या, कॅनडा सरकारच्या सीएसआरएस-पीपीपी या मोफत सेवेकडे पाठवा. दुसऱ्या दिवशी मिळणारे उत्तरही चांगले असते, पण शेवटच्या, सर्वांत शुद्ध कक्षा जाहीर व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. घाई नसेल तर तेव्हा पुन्हा पाठवा. चांगल्या जागेवरचे २४ तास आडव्यात एक-दोन सेंटिमीटर आणि उंचीत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेतात. अर्ज भरताना अँटेनाचे अधिकृत नाव द्या. ती यादीत नसेल तर उंचीत काही सेंटिमीटरची कायमची चूक राहते. तुमच्या चरांना ती बाधत नाही, कारण सगळे बिंदू एकाच बेसवरून येतात.

मिळालेला आकडा रिसीव्हरमध्ये लिहिताना तीन ठिकाणी हमखास चुकते. पहिले, दशांश. अक्षांशाचा सातवा दशांश म्हणजे जमिनीवर १.१ सेंटिमीटर, सहावा म्हणजे ११ सेंटिमीटर. एफ९पीमध्ये मुख्य खाना सात दशांशांचा आणि पुढच्या दोन अंकांसाठी वेगळा ‘हाय प्रिसिजन’ खाना आहे. दोन्ही भरा. दुसरे, एकक. रिसीव्हरच्या थेट सेटिंगच्या खान्यांत उंची सेंटिमीटरमध्ये जाते, मीटरमध्ये नाही. तिसरे, उंचीचा प्रकार. इथे समुद्रसपाटीपासूनची उंची चालत नाही, एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागावरची) लागते. लिहून झाल्यावर सेटिंग फ्लॅशमध्ये जतन करा, वीज काढा, पुन्हा लावा आणि १००५ मधून तेच आकडे बाहेर येतात का ते बघा. जतन न केल्यामुळे वीज गेल्यावर बेस पुन्हा सर्व्हे-इनकडे वळतो आणि आठवडाभर कोणाला कळत नाही, हे फार वेळा होते.

एक गुंतागुंत आधीच सांगून ठेवतो. पीपीपीचे उत्तर जागतिक चौकटीत, म्हणजे सगळ्या पृथ्वीसाठी ठरवलेल्या निर्देशांक पद्धतीत, मोजणीच्या दिवसाचे असते. भारताचा भूपट्ट (आपली जमीन ज्यावर आहे तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा) त्या चौकटीत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. तुमचा बेस आज ठरवला आणि चार वर्षांनी पुन्हा ठरवला तर २० सेंटिमीटरचा फरक येईल, आणि तो बरोबर असेल. म्हणून एकदा ठरवलेला आकडा बदलू नका. शेजारी तारीख आणि चौकटीचे नाव लिहून ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीओआरएस या कायम चालू असणाऱ्या बेसच्या जाळ्याची (महाराष्ट्रातही त्याची केंद्रे आहेत, आणि भूमी अभिलेख खाते रोव्हरने मोजणी करताना तेच वापरते) दुरुस्ती घेतलेले बिंदू आणि तुमच्या बेसवरचे बिंदू जुळवायचे असतील, तर त्या सेवेची चौकट कोणत्या वर्षाची आहे ते विचारून घ्या. ते वर्ष २० वर्षे मागचे असेल, तर दोन्ही मापे निर्दोष असूनही एकमेकांपासून मीटरभर दूर दिसतील. हेमडालच्या मूळ मुलखात ही अडचण उभ्या दिशेत येते. हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यापासून स्कँडिनेव्हियाची जमीन अजून वर उठते आहे, बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर.

दुसरी तक्रार, उंचीची. ती चूक नाही, वेगळी पट्टी आहे. उपग्रह एलिप्सॉइड या गणिती पृष्ठभागापासून उंची मोजतात, आणि गावाच्या पाटीवरची उंची समुद्रसपाटीपासून, म्हणजे जिऑइडपासून असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड जगात सर्वांत खोल, एलिप्सॉइडच्या शंभराहून जास्त मीटर खाली गेलेला आहे, आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात तो साधारण ६० ते ७५ मीटर खाली आहे, म्हणून एलिप्सॉइडची उंची तेवढी कमी दिसते. ऑस्लोत चिन्हच उलटे होते, तिथे जिऑइड सुमारे ४० मीटर वर आहे. मोबाइलवरच्या अॅपमध्ये जिऑइडचे प्रारूप निवडता येते. तुमच्यासाठी नियम इतकाच की संपूर्ण कामात एकच पट्टी ठेवा. दोन्ही रोव्हरच्या अॅपमध्ये हे सेटिंग वेगळे असेल तर हुगिनचा चर डोंगरावर आणि मुनिनचा पाताळात जाईल. चरासाठी बिंदूंमधला फरक महत्त्वाचा असतो, आणि शे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात जिऑइडचा उतार नगण्य धरता येतो.

आणि इथे एक स्पष्ट मत. आरटीकेची उंची एका बिंदूला दोन-तीन सेंटिमीटरने डगमगते. पाणलोटाचा आराखडा, उताराची टक्केवारी, चरांच्या ओळी, शेततळ्याचे घनमाप यांना ती उत्तम आहे. चराचा तळ अखेरचा समतल करताना मात्र पाणनळी, ए-फ्रेम किंवा डम्पी लेव्हलच वापरा. चर एका टोकाला तीन सेंटिमीटर खाली राहिला तर पाणी तिकडेच गोळा होते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथूनच फुटते.

तिसरी तक्रार, संध्याकाळची. भारत चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. सूर्यास्तानंतर इथल्या आयनोस्फिअरमध्ये कमी घनतेचे बुडबुडे उठतात, आणि त्यांतून येणारी लहर थरथरते. संध्याकाळी सात ते मध्यरात्र ही वेळ सर्वांत वाईट, आणि मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे संपाताच्या आसपासचे महिने जास्त त्रासाचे. सूर्यावरच्या घडामोडी वाढलेल्या असताना हे आणखी वाढते. सध्याच्या २५ व्या सौरचक्राचा शिखरकाळ २०२४च्या सुमाराचा. नॉर्वेत हाच त्रास ध्रुवीय प्रकाशाच्या रात्री होतो. १० मे २०२४ला आलेल्या मोठ्या सौरवादळात अमेरिकेत पेरणीचे ट्रॅक्टर आरटीके तुटल्यामुळे थांबले होते, आणि लडाखमधल्या हानलेहून आकाशात तांबडा प्रकाश दिसला होता. यावर सेटिंगचा उपाय नाही. काम सकाळी करा. बेस जवळ असेल तर थोडा टिकाव लागतो, कारण दोन्ही अँटेना जवळपास एकाच आकाशातून बघतात. एफ९पीची आडवी अचूकता एक सेंटिमीटर अधिक अंतराच्या दहा लाखांवा भाग अशी सांगितली जाते, म्हणजे १० किलोमीटरवर आणखी एक सेंटिमीटर. तो आकडा शांत आयनोस्फिअरचा. आपल्याकडे संध्याकाळी तीन-चार किलोमीटरवरही फिक्स सुटू शकतो.

बिफ्रॉस्टकडे वळू. तुम्ही ९१५ मेगाहर्ट्झचे टेलिमेट्री रेडिओ घेतले आहेत. ते अमेरिकेच्या नियमांसाठी बनवलेले असतात. भारतात ही जागा मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात येते आणि तिथे प्रसारण करायला परवानगी नाही. बदलून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचे घ्या. इथे परवान्याशिवाय चालते. ट्रान्समीटर १ वॉट, प्रत्यक्ष फेकलेली शक्ती ४ वॉट आणि वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झ ही मर्यादा पाळा.

रेडिओची धाव जितकी महत्त्वाची तितकीच त्याची रुंदी. ३० उपग्रह आणि दोन-दोन लहरी धरल्या तर एमएसएम-४ प्रकारचे (बेसची उपग्रहमापे नेणारे) संदेश सेकंदाला ५०० बाइटच्या थोडे वर जातात, एमएसएम-७ प्रकारचे ८०० च्या पुढे. लोरा हा लांब पल्ल्याचा, कमी वेगाचा रेडिओ एसएफ-७ या सेटिंगवर आणि १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर सेकंदाला फार तर ६८० बाइट नेतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे एमएसएम-७ पाठवलात तर रांग साचत जाते, दुरुस्ती जुनी होत जाते आणि रोव्हर पाच-दहा मिनिटांनी फ्लोटवर घसरतो. लक्षण ओळखायचे असेल तर जीजीए ओळीतले (रिसीव्हर आपली जागा सांगतो त्या ओळीतले) ‘दुरुस्तीचे वय’ बघा. एक-दोन सेकंद असावे. ते वाढतच चालले असेल तर पूल ओझ्याखाली आहे. पाठवा एवढेच: १०७४, १०८४, १०९४, ११२४ (अनुक्रमे जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या उपग्रहमालांची मापे) दर सेकंदाला किंवा लोरा असेल तर दर दोन सेकंदांना, १००५ आणि १२३० दर १० सेकंदांना. १२३० गाळला तर ग्लोनासच्या, म्हणजे रशियाच्या उपग्रहांच्या, लहरींची पूर्णांक संख्या सुटत नाही. ओझे फारच होत असेल तर १०८४ आणि १२३० दोन्ही बंद करा. अर्धवट ग्लोनासपेक्षा ग्लोनास नसलेला बरा.

डोंगराआड रेडिओ पोहोचत नसेल आणि मोबाइलचे जाळे असेल तर एनट्रिप वापरा: बेस दुरुस्ती इंटरनेटवरच्या कास्टर या सर्व्हरकडे पाठवतो, रोव्हर ती फोनमधून घेतो. नेहमीचे पोर्ट २१०१. डेटा तासाला दोन-तीन एमबीच्या आसपास लागतो. सीओआरएससारख्या जाळ्याची सेवा घ्याल तेव्हा अॅपमध्ये आपली जीजीए ओळ परत पाठवण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर जाळ्याला तुम्ही कुठे आहात हेच कळत नाही आणि दुरुस्ती येत नाही.

नॉर्स कथांत बिफ्रॉस्टचे रंग तीन सांगितले आहेत, आणि उपग्रहांच्या लहरीही एल-१, एल-२, एल-५ अशा तीन. हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण एफ९पीच्या दोन जाती बाजारात मिळतात: एक एल-१ आणि एल-२ घेणारी, दुसरी एल-१ आणि एल-५ घेणारी. दुसरी नाविक या आपल्या भारतीय उपग्रहमालेच्या एल-५ लहरीही घेते. बेस एका जातीचा आणि रोव्हर दुसऱ्या जातीचा घेतला तर दोघांत सामाईक फक्त एल-१ उरते. फिक्स व्हायला मिनिटे लागतात, झाडाखाली तर होतच नाही. तिन्ही रिसीव्हर आणि तिन्ही अँटेना एकाच जातीच्या आहेत का, ते पाकिटावर नव्हे, खुद्द चिपवर छापलेल्या अक्षरांत पाहा.

रोव्हर आणि फोन यांच्यामधला दुवा ब्लूटूथचा. (तो मात्र खराखुरा उत्तरेकडचा: दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून ठेवलेला, आणि त्याची खूण राजाच्या आद्याक्षरांच्या दोन रून जोडून केलेली.) एचसी-०५ जातीचे मॉड्यूल बहुधा ९६०० बॉडवर येते आणि एफ९पी ३८४०० वर बोलतो, दोन्ही एकाच वेगावर आणा. जुन्या पद्धतीचे सीरियल ब्लूटूथ आयफोनला चालत नाही, म्हणून अँड्रॉइड फोन घ्या. एसडब्ल्यू मॅप्ससारखे अॅप बिंदू, एनट्रिप आणि काठीची उंची एकत्र सांभाळते. आणखी एक लपलेली गोष्ट: एफ९पीची मूळची जीजीए ओळ मिनिटाचे पाच दशांश देते, म्हणजे अक्षांशात १.८ सेंटिमीटरची पायरी. सेटिंगमध्ये एनएमईएची (जीजीएसारख्या ओळींच्या ठरलेल्या पद्धतीची) ‘हाय प्रिसिजन’ रचना चालू केली की सात दशांश मिळतात. पॉवर बँक घेताना हेही बघा की कमी प्रवाहाला ती स्वतःहून बंद होत नाही ना. रोव्हर दीड-दोन वॉटच खातो, आणि काही पॉवर बँकांना वाटते की फोन भरला.

काठीकडे दुर्लक्ष करू नका. दोन मीटरची काठी एक अंश कलली तर टोक साडेतीन सेंटिमीटर हलते. रिसीव्हर कितीही चांगला असो, पाणसळ खोटी असेल तर सगळे वाया. तपासायची रीत: काठी दोन पायांच्या आधाराने उभी करा, बुडबुडा मध्ये आणा, काठी जागच्या जागी १८० अंश फिरवा. बुडबुडा सरकला तर अर्धा फरक पाणसळीच्या स्क्रूने आणि अर्धा काठीने काढा. दोन्ही रोव्हरच्या काठ्यांची उंची टेपने मोजून अॅपमध्ये लिहा आणि काठीवरही रंगाने लिहा.

रोजची सुरुवात तपासणीने करा. खडकावर किंवा काँक्रीटमध्ये छिन्नीने दोन खुणा कोरा, एकमेकींपासून शे-दीडशे मीटरवर. बेस पक्का झाल्यावर त्या वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्या. त्यानंतर रोज सकाळी दोन्ही रोव्हर त्या दोन्ही खुणांवर ठेवा. आडव्यात दोन सेंटिमीटर आणि उंचीत चार सेंटिमीटरच्या आत आले तरच काम चालू करा. हा पाच मिनिटांचा वेळ वाचवायचा मोह होतो, आणि दीड मीटरची चूक चार दिवस कळत नाही ती याच मोहामुळे. खोटा फिक्स पकडायची युक्ती वेगळी: महत्त्वाच्या बिंदूवर फिक्स आल्यावर अँटेना उलटी करून संकेत तोडा, पुन्हा फिक्स येऊ द्या, पुन्हा मोजा. दोन उत्तरे दहा-वीस सेंटिमीटरने वेगळी आली तर एक खोटे आहे. झाडाच्या कडेला आणि कड्याखाली हे करणे सक्तीचे समजा. अर्ध्या तासाने पुन्हा आलात तर उपग्रहांची मांडणीही बदललेली असते, ती तपासणी आणखी भक्कम.

टेपने मोजलेले आणि नकाशावरचे अंतर जुळत नाही, ही तक्रार लवकरच येईल. यूटीएम या पृथ्वीला पट्ट्यांत वाटणाऱ्या नकाशापद्धतीत पट्ट्याच्या मध्य रेखांशावर अंतर ०.९९९६ने आखडते. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्र ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात, त्याची मधली रेषा ७५ अंश पूर्व. तिच्या आसपास जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशावर ४० सेंटिमीटर कमी दिसतो, आणि ६०० मीटर उंचीवर आणखी नऊ सेंटिमीटर. ७८ अंशांच्या पूर्वेला ४४ वा पट्टा सुरू होतो. लांबी आणि खर्च काढताना अॅपचे ‘जमिनीवरचे अंतर’ वापरा.

तसेच, तुमच्या संचाने बांधाची हद्द ठरवू नका. हद्दीच्या वादात भूमी अभिलेख खात्याची अधिकृत मोजणीच ग्राह्य धरली जाते. तुमच्या आकड्यांवरून शेजाऱ्याशी बोलणी सुरू केलीत तर भांडण वाढेल.

पावसाळ्याआधी गच्चीवरच्या जोडांवर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी ओढून गुंडाळा. अँटेनाच्या टीएनसी जोडात पाणी शिरले की एल-२ आधी ढेपाळते आणि फिक्स उशिरा येऊ लागतो. अँटेनाच्या केबलमध्ये आकाशातल्या विजेपासून वाचवणारा अरेस्टर बसवून त्याला स्वतंत्र अर्थिंग द्या. वळवाच्या विजेत रिसीव्हरचा अँटेनाकडचा भाग जळणे ही नेहमीची गोष्ट आहे.

राहता राहिला तुमचा आधीचा डेटा. तो टाकून देऊ नका. कथांत ओडिनला हुगिन, म्हणजे विचार, परत येईल का याची काळजी असते, पण मुनिनची, म्हणजे स्मृतीची, जास्त. दोन्ही रोव्हरवर कच्ची नोंद ठेवण्याची सवय आजपासून लावा. सेकंदाला एक नोंद पुरते, पण एसडी कार्डाकडे जाणाऱ्या पोर्टचा वेग ३८४०० वरून ४६०८०० करा, म्हणजे गर्दीत संदेश गळत नाहीत. जुन्या दिवसांसाठी, त्या दिवशी बेसने पाठवलेला १००५ कुठे नोंदला असेल तर काम सोपे आहे. पीपीपीने मिळालेली खरी जागा उणे त्या दिवशीची सांगितलेली जागा, हा फरक मीटरमध्ये काढा आणि त्या दिवसाच्या प्रत्येक बिंदूत मिळवा. १००५ मिळाला नाही, पण त्या दिवशी मोजलेली एखादी ठळक जागा, विहिरीचा कोपरा किंवा मोरीचा कठडा, अजून शाबूत असेल, तर ती नव्या बेसवरून मोजा आणि तिथला फरक सगळ्यांना लावा. नंतर त्याच दिवसाचा दुसरा एखादा बिंदू जाऊन मोजा. तोही तीन सेंटिमीटरच्या आत बसला की सोमवार आणि गुरुवार दोन्ही नकाशे एकत्र जोडता येतील.